स्कूटरच्या फायबर पॅनलचे ओरखडे आणि तडे: घरी काय जमतं, काय नाही

प्रश्न असा आहे: पहिल्या पावसात वळणावर स्कूटर डाव्या अंगावर घसरली. साइड पॅनलवर ओरखडे आले, पुढच्या ॲप्रनला, म्हणजे हँडलखालच्या मोठ्या पॅनलला, स्क्रूच्या भोकापासून बोटभर लांबीचा तडा गेला आणि पाय ठेवतो तिथल्या काळ्या पॅनलचा एक लॉक, म्हणजे पॅनल अडकवणारा आतला प्लॅस्टिकचा आकडा, तुटला. गॅरेजमध्ये तिन्ही पार्ट बदलायला सांगितलेत. घरी दुरुस्ती जमेल का, आणि फेविक्विकने काम भागेल का?

तिन्ही पार्ट वाचतील. फेविक्विकने मात्र भागणार नाही. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, कारण तिन्हींची इजा वेगळी आहे आणि काळ्या पॅनलचं तर प्लॅस्टिकच वेगळं आहे. आणि चिकटवायला घेण्याआधी तडा का गेला हे शोधावं लागेल. "पडली म्हणून गेला" एवढं उत्तर पुरत नाही. मी स्कूटरच्या बॉडीचीच कामं करतो. एकदा जोडून परत उघडलेले तडे माझ्याकडे सतत येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत जोड वाईट नसतो. पॅनलवरचा ताण तसाच राहिलेला असतो, म्हणून जोड हरतो.

घसरलेल्या गाडीत ॲप्रनच्या मागची लोखंडी पट्टी किंवा ब्रॅकेट दोन-चार मिलिमीटर आत दबलेला असतो. प्लॅस्टिक लवतं, त्यामुळे स्क्रू पिळला की पॅनल ओढून जागेवर बसतं आणि वरून सगळं सरळ दिसतं. पण त्या भोकापाशी ताण कायमचा राहतो. त्यात इंजिनाची थरथर आणि आपल्या रस्त्यांचे खड्डे. तडा तिथूनच पुन्हा चालू लागतो. तपासायची रीत सोपी आहे. पॅनल एकही स्क्रू न लावता नुसतं जागेवर धरा. सगळी भोकं आपोआप समोरासमोर आली पाहिजेत. एखादं भोक अर्धं झाकलं जात असेल किंवा पॅनल आणि ब्रॅकेट यांच्यात फट राहत असेल, तर आधी ब्रॅकेट सरळ करा. तो सरळ होईपर्यंत तड्याला हात लावू नका.

गाडी पडली नसली तरी तडे जातात. सर्व्हिसिंगला पॅनल उघडलं जातं, चारपैकी तीनच स्क्रू परत लागतात आणि चौथ्याचा भार शेजारच्या भोकावर येतो. कधी मूळ स्क्रू हरवतो आणि हाताला लागेल तो जाड स्क्रू त्याच भोकात घुसवला जातो. कधी भोकातलं रबरी बुश गळून पडलेलं असतं आणि स्क्रूचं डोकं थेट प्लॅस्टिकवर दाबलं जातं. तुमच्या गाडीचा तडा स्क्रूच्या भोकापासूनच निघालाय, म्हणजे हे सगळं बघणं भाग आहे.

एक व्यवहाराची गोष्ट आधीच बोलून घेऊ. विमा कंपनीकडे दावा करायचा विचार असेल, तर काहीही उघडण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा, कारण दुरुस्तीनंतर सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. झीरो डेप नावाचं जादा कव्हर घेतलं असेल तर तो कापला जात नाही. पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत पुढे ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. एका ॲप्रनसाठी तो घालवायचा का, याचा हिशेब कागदावर मांडून बघा.

पॅनल काढताना

लॉक पडल्यावर तुटतात त्याहून जास्त काढताना तुटतात. थंडीतल्या सकाळी प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा पॅनल अर्धा तास उन्हात ठेवा किंवा लॉकच्या जागी हेअर ड्रायर फिरवा. कोणतंही पॅनल सरळ बाहेर ओढू नका. बहुतेक लॉक आकड्यासारखे असतात आणि पॅनल आधी पुढे किंवा मागे सरकवलं की ते सुटतात. फटीतून टॉर्च मारून आकड्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि त्याच्या उलट सरकवा. प्लॅस्टिकच्या पुश क्लिप असतील तर मधली पिन आत दाबायची आहे की वर उचलायची आहे हे बघून घ्या. पक्कडीने खेचल्या की त्या गेल्याच.

स्क्रू एका वाटीत टाकू नका. कागदावर पॅनलचा ढोबळ आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो समोरून फोड आणतो, आणि मग चांगल्या पॅनलची दुरुस्ती करायची वेळ येते.

तुटलेले तुकडे फेकू नका. रस्त्यावर पडलेली खपलीही उचलून आणा. मूळ तुकडा जागेवर बसतो तेव्हा पुट्टी कमी लागते आणि कडेची गोलाई आपसूक येते. शिवाय त्यातलाच चुरा पुढे चिकटवायला उपयोगी पडतो.

कोणतं प्लॅस्टिक आहे

आपण सगळ्यालाच फायबर म्हणतो, पण स्कूटरच्या कारखान्यातून आलेल्या पॅनलमध्ये काचेचं फायबर नसतं. रंगवलेली चकचकीत पॅनल बहुतेक एबीएसची असतात. पाय ठेवायची जागा, आतला मडगार्ड, सीटखालचा डबा अशी न रंगवलेली काळी, खडबडीत पॅनल बहुतेक पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे पीपीची. काही गाड्यांची बरीचशी बॉडी पत्र्याची असते, ॲक्टिव्हाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शंका असेल तर चुंबक लावून बघा. पत्र्याचं काम वेगळं, ते इथे नको.

पॅनल उलटं करा. आतल्या बाजूला दोन बाणाच्या टोकांमध्ये रोमन अक्षरांत एबीएस किंवा पीपी असं कोरलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवा. खूण नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस काही सेकंद दाबा. एबीएस चिकट होतं आणि कापसाचे धागे त्याला धरतात. पीपीला काहीच होत नाही. दुसरी परीक्षा पाण्याची: रंग खरवडून काढलेली छोटी खपली साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. पीपी पाण्याहून हलकं असल्यामुळे वर येतं, एबीएस तळाला जातं. पीपीमध्ये भुकटी भरलेली असेल तर ही परीक्षा फसू शकते, म्हणून कोरलेली खूण पहिली. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्या जवळपासही ॲसिटोन किंवा थिनर नेऊ नका, तिच्यात बारीक जाळी पडते.

आता फेविक्विकचं. ते एबीएसला धरतं हे खरं, पण कडक, काचेसारखं सुकतं. पॅनल लवतं तेव्हा जोड लवत नाही, तुटतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरी धुरकट झाक येते. पीपीला तर ते टिकतच नाही. तुकडे जागेवर धरायला, म्हणजे खरा जोड होईपर्यंत तात्पुरतं टेकवायला, एखादा थेंब लावला तर हरकत नाही. तेवढंच त्याचं काम.

ॲप्रनचा तडा

हे काम मन लावून करायचं, कारण इथे जोड ताकदीचाही हवा आणि दिसायलाही नको. नियम एकच: ताकद मागून द्यायची, पुढून फक्त पृष्ठभाग नीट करायचा. पुढून कितीही पुट्टी भरली तरी ती तडा धरत नाही.

आधी पॅनल भांड्यांच्या साबणाने दोन्ही बाजूंनी धुवा. मागच्या बाजूला चिखल, तेल आणि बऱ्याचदा डॅशबोर्ड पॉलिशचा थर असतो. या पॉलिशमधलं सिलिकॉन पुढे रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडतं. धुऊन झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका. ताणाखाली असलेल्या एबीएसला पेट्रोल लागलं की केसासारखे नवे तडे जातात.

तडा खरा कुठे संपतो हे डोळ्याला दिसत नाही. तो दिसतो त्याच्या पुढेही थोडा गेलेला असतो. ते शोधायची एक खात्रीची रीत आहे. अल्कोहोलचा बोळा तड्यावरून फिरवा आणि नुसतं बघत राहा. वरचा ओलावा काही क्षणांत उडतो, पण तड्यात शिरलेला ओलावा मागे राहतो आणि बारीक काळी रेघ उठून दिसते. त्या रेघेच्या टोकाच्या किंचित पुढे पेनाने खूण करा आणि तिथे २ ते २.५ मिलिमीटरच्या बिटने आरपार भोक पाडा. ड्रिल हळू फिरवा, प्लॅस्टिक वितळता कामा नये. टोकदार तड्याच्या अग्रावर ताण एकवटतो, गोल भोकाभोवती तो पसरतो, म्हणून तडा तिथे थांबतो. हे भोक वगळलं तर जोड कितीही पक्का असो, तडा त्याच्या पुढून निघतो.

मग समोरून तड्याच्या कडा अंगठ्याने सपाट जुळवा आणि वरून मास्किंग टेप घट्ट लावा. बोट फिरवून बघा, नखाला पायरी लागली नाही पाहिजे. इथे घाई केली तर ती पायरी घासून काढायला नंतर दसपट वेळ जातो.

मागून तड्यावर चाकूच्या टोकाने किंवा त्रिकोणी कानशीने 'व्ही' आकाराची खाच पाडा, जाडीच्या साधारण अर्ध्यापर्यंत. दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर जागा ८० नंबरच्या सँडपेपरने खरखरीत करा.

आता एबीएसची पेस्ट. काचेच्या बाटलीत एबीएसचा चुरा घ्या. तुमच्याच पॅनलचा तुकडा असेल तर उत्तम, नाहीतर गॅरेजच्या भंगारातून एबीएसची खूण असलेलं तुटकं पॅनल मागून घ्या. रंग पूर्ण खरवडून काढा, नाहीतर पेस्ट कमकुवत होते. चुरा बुडेल इतकं ॲसिटोन घालून झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ढवळल्यावर ते काकवीइतकं दाट हवं. पातळ असेल तर चुरा वाढवा. ॲसिटोन केमिकलच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि पाणी असतं आणि कित्येकांत ॲसिटोन नसतंच. थर्मोकोलच्या कपात ओतू नका, कप विरघळून जाईल. आणि ॲसिटोन चटकन पेट घेतं. स्वयंपाकघरात नको, जवळ उदबत्तीही नको. गच्चीवर किंवा व्हरांड्यात, हातमोजे घालून काम करा.

खाचेत नुसतं ॲसिटोन ब्रशने एकदा फिरवा, म्हणजे पृष्ठभाग मऊ होतो. लगेच पेस्टचा पातळ थर द्या. त्यावर काचेच्या धाग्याची जाळी ठेवा. भिंतीच्या भेगांना लावायची जाळीची पट्टी किंवा खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा चालतो. कोपरे गोल कापा. जाळी पेस्टमध्ये ब्रशने दाबून बुडवा आणि वरून दुसरा पातळ थर द्या. जाड थर एकदम देऊ नका. वरून सुकतो, आत ॲसिटोन अडकून राहतं, बुडबुडे येतात आणि पॅनलही मऊ पडून वाकतं. दोन थरांत काही तासांचं अंतर ठेवा.

आणि मग थांबा. घरी केलेली बहुतेक कामं इथे बिघडतात. पेस्ट तासाभरात सुकल्यासारखी दिसते, पण आतलं ॲसिटोन उडायला किमान २४ तास लागतात, ४८ दिले तर बरं. पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या. नख दाबून बघा, खूण उमटली तर अजून वेळ आहे. ओल्यावर घासून रंग मारला, तर पंधरा दिवसांनी जोडाची जागा खाली बसते आणि पूर्ण रेघ रंगातून वर दिसते.

माझ्यासारखे लोक बऱ्याचदा पेस्टऐवजी सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी प्लॅस्टिकमध्ये रुतवतात. जोड लवकर होतो आणि ताकद चांगली येते. पण त्याला हात बसलेला हवा. एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि साध्या आयर्नचं टोक ३०० च्या वर असतं. एक क्षण जास्त टेकलं की समोरून डाग उठतो किंवा आरपार भोक पडतं. धूरही वाईट. पहिल्यांदा करणाऱ्याने पेस्टच घ्यावी, किंवा आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसवावा. प्लॅस्टिक जोडायचा, दोन भाग मिसळून वापरायचा चांगला अॅडेसिव्ह मिळत असेल तर तोही उत्तम, त्यातही एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) प्रकारचा. महाग आहे, वास उग्र आहे, पण एबीएसला फार पक्का धरतो. साधा इपॉक्सी एबीएसवर चालतो, पृष्ठभाग खरखरीत केला असेल तरच.

तुमचा तडा स्क्रूच्या भोकातून निघालाय, म्हणजे भोकही फाटलेलं असणार. ते नुसतं भरून पुन्हा ड्रिल करू नका. मागून एबीएसची एक सपाट चकती, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, पेस्टने चिकटवा आणि सगळं पूर्ण सुकल्यावर तिच्यातून मूळ मापाचं भोक पाडा. बसवताना स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर आणि रबरी बुश द्या. जोडापेक्षाही हा वॉशर जास्त आयुष्य देतो.

काळ्या पॅनलचा लॉक

पीपीवर ॲसिटोन, फेविक्विक, इपॉक्सी काहीही टिकत नाही. ते पीपीच्याच काडीने वितळवून जोडावं लागतं. पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, म्हणून हीट गन किंवा आयर्न लागतंच. काडी म्हणून पीपीची खूण असलेल्या भंगार पॅनलची पट्टी कापा. काळी केबल टाय वितळवून भरायचा सल्ला खूप जण देतात. ती नायलॉनची असते, पीपीत मिसळत नाही, वर नुसती बसून राहते आणि खपलीसारखी निघते.

केबल टायचा खरा उपयोग वेगळा आहे. न दिसणाऱ्या जागी तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून त्याने किंवा स्टीलच्या तारेने टाके घातले, तर पीपीचं पॅनल वर्षानुवर्षं धरून राहतं. दिसायला सुंदर नाही, पण चटईखाली कोण बघतंय? तुटलेला लॉक एकच असेल आणि बाकीचे शाबूत असतील, तर त्या जागी एक पुश क्लिप बसवा. भोक पाडा, क्लिप दाबा, काम झालं. दोन-तीन लॉक गेले असतील तर पॅनल बदला. काळं, न रंगवलेलं पॅनल रंगीत पॅनलच्या मानाने स्वस्त पडतं. त्यासाठी दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

या काळ्या पॅनलवरचे ओरखडे घासायचा मोह टाळा. त्याची खडबडीत नक्षी साच्यातून आलेली असते, पेपर लावला की ती जाते आणि चकाकता डाग कायमचा राहतो. पांढरट पडलेली घडी किंवा ताणाची खूण असेल तर हेअर ड्रायर किंवा हीट गन लांबून, सतत हलती ठेवून फिरवा. बराचसा काळेपणा परत येतो.

साइड पॅनलचे ओरखडे

आधी धुवा आणि नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. रबिंग कंपाउंड आणि मऊ कापड, हाताने, एवढं पुरतं. कित्येकदा जो ओरखडा वाटतो तो दुसऱ्या गाडीचा किंवा डिव्हायडरचा रंग तुमच्या रंगावर चढलेला असतो. तो कंपाउंडने साफ निघतो, लोक उगाच रंगकाम करून बसतात.

नख अडकतं पण आत रंग तसाच दिसतोय, तर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा आणि मग कंपाउंड. जुन्या हवाई चपलेच्या तळाचा तुकडा पेपरच्या मागे धरा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेषेत खाचा पडतात. पॅनलच्या कडांवर आणि उठलेल्या रेघांवर टेप लावून ठेवा, तिथे लॅकर सगळ्यात पातळ असतो आणि दोन हातांत खालचा रंग उघडा पडतो. पाणी दुधाळ निघतंय तोवर तुम्ही लॅकरमध्ये आहात. पाण्यात गाडीचा रंग दिसला की थांबा.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीही करू नका. कंपाउंड लावलं की तेवढी जागा चकाकते आणि ती परत मॅट होत नाही. मॅटवर खोल ओरखडा असेल तर पूर्ण पॅनल रंगवणं हाच मार्ग.

तळाचा प्रायमर किंवा प्लॅस्टिक दिसत असेल, आणि घसरलेल्या गाडीत ते दिसतंच, तर रंगकाम आलं. ओरखड्याच्या कडेला उठलेले प्लॅस्टिकचे केस आधी ब्लेडने कापा, नाहीतर ते पेपरखाली लोळतात आणि नवे ओरखडे पाडतात. मग ३२० ने कडा उतरत्या करा, खोल खाचांत प्लॅस्टिकवर चालणारी लवचिक पुट्टी पातळ भरा, ४०० आणि ६०० ने सपाट करा. पत्र्यावरची कडक पुट्टी प्लॅस्टिकवर जाड भरली तर पॅनल लवताना ती तडकते. सपाट झालंय का हे डोळ्याने कळत नाही. हलकासा काळा स्प्रे उडवून परत घासा. जिथे काळं राहतं तिथे खड्डा आहे.

वर प्रायमर. एबीएसवर साधा प्लॅस्टिक प्रायमर चालतो, पीपी रंगवायचं असेल तर त्याआधी ॲडहेशन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, लागतोच, नाहीतर रंग टेपबरोबर निघून येतो. प्रायमर सुकल्यावर ८०० ने ओलं घासून रंगाचे दोन-तीन पातळ हात, २० ते २५ सेंटिमीटरवरून, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटं. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर किंवा डीलरकडे मिळतो. पण चार-पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडच्या रंगाशी जुळत नाही. रंग मिसळणाऱ्याकडे पॅनलच घेऊन जा आणि रंग दुकानाबाहेर, उजेडात ताडून बघा, ट्यूबलाइटखाली नको. साधा रंग असेल तर छोटी जागा मिसळून जाते. मेटॅलिक असेल तर ठिगळ दिसतंच, कारण त्यातली चमक फवारणीच्या दिशेप्रमाणे आणि हाताच्या वेगाप्रमाणे बसते. तेव्हा पॅनलच्या कडेपर्यंत पूर्ण रंगवा. दोन पॅनलच्या मधल्या फटीत रंगाचा किरकोळ फरक लपतो.

लॅकर पावसाळ्यात मारू नका, निदान पाऊस चालू असताना तरी नको. दमट हवेत तो दुधाळ पडतो. मे महिन्याच्या दुपारच्या उन्हात ठेवलात तर वरून लगेच सुकतो आणि आतल्या थिनरचे फोड येतात. सावलीत, धूळ नसलेल्या जागी, सकाळी उशिरा. साध्या स्प्रे कॅनमधला लॅकर पेट्रोल सांडलं की मऊ पडतो, म्हणून टाकीच्या झाकणाजवळच्या पॅनलला हार्डनरवाला टू-के लॅकरच हवा. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसाला धोकादायक आहेत आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. योग्य मास्क आणि मोकळी जागा नसेल तर तेवढं काम पेंटरकडून करून घ्या. तयारी सगळी तुम्ही करून पॅनल सुटं नेलंत तर त्याची मजुरीही कमी लागते.

जे दुरुस्त करू नये

पुढच्या चाकावरचा मडगार्ड स्क्रूच्या जागी तुटला असेल तर नवा घ्या. चालत्या गाडीत तो सुटून चाकात अडकला तर तुम्ही पडणार. हेडलाइट धरून ठेवणारे कान तुटले असतील तरी तेच, झोत हलत राहतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. सायलेन्सरच्या जाळीजवळचं वितळलेलं पॅनलही वाचवू नका. इलेक्ट्रिक स्कूटरचं खालचं पॅनल फुटलं असेल, तर प्लॅस्टिकचा विचार नंतर. आधी बॅटरीच्या पेटीला मार लागलाय का हे सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. आणि कोणतीही गाडी पडली की पॅनल बघण्याआधी हँडल सरळ आहे का, ब्रेकचा लिव्हर पूर्ण येतो का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप मागे जातो का, हे बघा.

परत बसवताना

आधी सगळे लॉक बसवा, मग सगळे स्क्रू दोन-दोन आटे लावून सैल सोडा, आणि सगळे लागल्यावरच एकेक करून घट्ट करा. प्लॅस्टिकमध्ये थेट जाणारा स्क्रू भोकात ठेवल्यावर आधी उलटा फिरवा. एका जागी तो किंचित खाली टपकतो आणि बोटांना हलका टक् जाणवतो. तिथे जुना आटा सापडला. आता सुलटा पिळा, तो हाताच्या जोरावर अलगद जाईल. तसा न जाता जोर मागू लागला तर तो नवा आटा कापतोय, थांबा आणि परत करा. स्क्रूचं डोकं टेकल्यावर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. या कामाला पॉवर ड्रिल वापरू नका.

रंगवलेलं पॅनल आठवडाभर धुऊ नका आणि महिनाभर वॅक्स लावू नका. दहा-बारा दिवस गाडी चालवल्यावर ॲप्रनचा तो स्क्रू एकदा काढा, पॅनल मागून बघा आणि अल्कोहोलचा बोळा परत त्याच जागी फिरवा. तडा थांबवायला पाडलेल्या भोकापुढे काळी रेघ आली नसेल तर जोड बसला. आली असेल तर ब्रॅकेटचा ताण अजून गेलेला नाही, आणि पुढचं काम पेस्टचं नाही, ब्रॅकेट सरळ करायचं आहे.